दंडघेर लाल होण्याआधी

मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातला, मक्यावर जगणारा देश. तिथल्या खेड्यांमधल्या जुळ्यांच्या ३१७ जोड्यांवर संशोधकांनी मुलं तीन वर्षांची होईपर्यंत लक्ष ठेवलं. २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या जोड्यांत दोन्ही मुलं धडधाकट राहिली. ७ टक्के जोड्यांत दोघंही कुपोषित झाली. उरलेल्या ४३ टक्के जोड्यांत मात्र एक मूल नीट वाढलं आणि दुसरं कुपोषित झालं. आई तीच, चूल तीच, घरात शिजणारं अन्नही तेच.

अन्न नाही म्हणून कुपोषण, हे उत्तर खोटं नाही, पण ते अपुरं आहे. जिथे सगळंच गाव गरीब, तिथेही तीव्र कुपोषित मुलं शंभरात थोडीच असतात. मग तीच का? हा प्रश्न नीट विचारला तर एकेका मुलामागे धोक्यांची एक साखळी दिसते. जन्मवेळचं वजन, आईचं वय, आधीच्या भावंडातलं अंतर, पाणी, जुलाब, पेजेचा पातळपणा, पावसाळा, रोजंदारी. यातला कुठलाही एक धोका बहुतेक मुलं निभावून नेतात. तीन-चार एकत्र आले की मूल खचतं. आणि यातले बहुतेक धोके मूल खचण्याच्या कितीतरी आधी दिसत असतात. कुपोषणाकडे पाहण्याची आपली नजर बदलायला हवी, ती इथेच.

युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या अंदाजानुसार २०२२ साली जगातली साडेचार कोटी मुलं उंचीच्या मानाने फार रोड होती. त्यातली १ कोटी ३६ लाख तीव्र कुपोषित होती. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूंपैकी सुमारे ४५ टक्के मृत्यूंमागे कुठल्या ना कुठल्या रूपात कुपोषण असतं. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातली ७.७ टक्के मुलं उंचीच्या मानाने तीव्र रोड आढळली. महाराष्ट्रात हेच प्रमाण १०.९ टक्के होतं. म्हणजे हा प्रश्न जितका मलावीचा, तितकाच मेळघाटचा, नंदुरबारचा आणि पालघरचाही आहे.

साडेअकरा सेंटिमीटर

तीव्र कुपोषण ओळखायला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. अंगणवाडी सेविका बाळाच्या डाव्या हाताचा खांदा ते कोपर यांच्यामधला मध्य शोधते आणि तिथे दंडघेराची पट्टी गुंडाळते. सहा महिने ते पाच वर्षं या वयात घेर साडेबारा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पट्टी हिरवा रंग दाखवते. साडेअकरा ते साडेबारामध्ये पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषण; साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे तीव्र. मोठ्या बाईचं मनगटसुद्धा चौदा-पंधरा सेंटिमीटरचं असतं, म्हणजे हा दंड किती काटकुळा असेल याची कल्पना यावी. उंचीच्या मानाने वजन फारच कमी असेल, किंवा दोन्ही पावलांवर सूज असून अंगठ्याने दाबल्यावर खळगा पडत असेल, तरीही मूल तीव्र कुपोषित धरतात. सरकारी भाषेत ते 'सॅम' झालं. आपल्याकडे रोड होण्याच्या प्रकाराला सुकटी आणि सुजेच्या प्रकाराला सुजवटी म्हणतात.

अशा मुलाचं शरीर जगण्यासाठी काटकसर करतं. हृदय मंद चालतं, यकृत आणि मूत्रपिंडं कमी काम करतात, अंग गार पडतं, रक्तातली साखर घसरते. प्रतिकारशक्ती इतकी क्षीण होते की न्यूमोनिया झाला तरी कधीकधी ताप येत नाही. आई म्हणते, बाळ शांत पडून असतं, त्रास देत नाही. त्या शांतपणातच धोका असतो. नीट वाढलेल्या मुलाच्या तुलनेत या मुलाच्या मृत्यूची शक्यता नऊ ते बारा पट असते. प्रत्यक्ष मृत्यू जुलाब, न्यूमोनिया, मलेरिया यांनी होतो आणि दाखल्यावर तेच कारण लिहिलं जातं.

जन्माच्या आधीच

पहिला धोका आईच्या पोटात सुरू होतो. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ जन्मतःच तुटपुंज्या शिदोरीवर प्रवासाला निघतं. भारतात जवळपास पाचातलं एक बाळ असं जन्मतं. त्याची कारणं आईच्या अंगावर लिहिलेली असतात. १५ ते ४९ वयोगटातल्या आपल्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर तरुणींपैकी तेवीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. सतरा वर्षांच्या मुलीची स्वतःची वाढ पुरी व्हायची असते. तिच्या पोटातलं बाळ आणि तिचं स्वतःचं शरीर एकाच ताटातून घास घेत असतात.

१९९६ मध्ये भारतातले नामवंत वैद्यकशास्त्रज्ञ व्ही. रामलिंगस्वामी यांनी दोन सहकाऱ्यांसह एक कोडं मांडलं. दक्षिण आशियातल्या देशांत शेती, उत्पन्न, दवाखाने यांची स्थिती आफ्रिकेतल्या अनेक देशांपेक्षा वाईट नसताना इथे कुपोषण जास्त का? त्यांच्या उत्तराचा गाभा स्त्रीच्या स्थानात होता. घरात शेवटी आणि उरलेलं खाणारी, गरोदरपणातही पुरेसं वजन न वाढणारी, स्वतःच्या मुलासाठी निर्णय घेण्याचा अधिकार नसलेली आई. तिची मुलं लहान जन्मतात आणि लहानच राहतात.

अलीकडच्या अभ्यासांनी या म्हणण्याला बळ दिलं आहे. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या अनेक बाळांच्या मोजमापांचा एकत्र विचार करणारं संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. मुलं रोड होण्याचं प्रमाण जन्मापासून पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतं, असं त्यातून दिसलं. आपली दंडघेराची पट्टी मात्र वर्षानुवर्षं सहाव्या महिन्यापासून लागते. त्याआधीचं बाळ आईच्या दुधावर आहे, म्हणजे ठीकच असेल, असं गृहीत धरलं गेलं. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने सहा आठवड्यांपासूनच्या बाळांसाठीही अकरा सेंटिमीटरची मर्यादा सुचवली आणि अशा बाळाबरोबर त्याच्या आईलाही तपासा, असं स्पष्ट सांगितलं.

पातळ पेजेचा हिशेब

सहा महिने पुरे झाले की आईचं दूध एकट्याने पुरत नाही. इथून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचा काळ सगळ्यांत नाजूक. बाळाचं वजन पहिल्या वर्षात तिप्पट होत असतं, मेंदू झपाट्याने वाढत असतो आणि त्याच वेळी बाळ रांगत अंगणातली प्रत्येक वस्तू तोंडात घालत असतं.

उष्टावण झालं की घरात बाळाला काय भरवतात? बहुतेक वेळा भाताची पेज, वरणाच्या वरचं पाणी, चहात बुडवलेलं बिस्किट. आता हिशेब करू. आईचं दूध चालू असलेल्या नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून रोज सुमारे ३०० उष्मांक लागतात. पातळ पेजेच्या १०० ग्रॅममध्ये तीस-चाळीस उष्मांक असतात. म्हणजे दिवसाला पाऊण ते एक किलो पेज पोटात जायला हवी. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण अडीचशे ग्रॅम मावतं. तेव्हा काठोकाठ भरलेली तीन-चार जेवणं, रोज, न चुकता, आणि आईच्या दुधाला जागा ठेवून. कुठलंही बाळ एवढं खाऊ शकत नाही. ते दोन घास खाऊन तोंड फिरवतं आणि घरचे म्हणतात, याला भूकच नाही. बाळाचं पोट भरलेलं असतं, शरीर उपाशी असतं.

तीच पेज चमच्यावरून न ओघळण्याइतकी घट्ट केली, त्यात चमचाभर तेल टाकलं, तर चित्र बदलतं. एक छोटा चमचा तेल म्हणजे चाळीसेक उष्मांक. घट्ट अन्न बाळाला गिळवत नसेल तर त्यावरही आपल्याकडे जुना तोडगा आहे: मोड आणून, वाळवून दळलेली नाचणी. धान्याला मोड आले की त्यातल्या पाचकरसामुळे पिष्टाचं विघटन होतं आणि शिजवलेली खीर पीठ जास्त घालूनही पातळ राहते. कोकण-घाटावरच्या आज्या नाचणीचं सत्त्व याच रीतीने करत आल्या आहेत.

नुसत्या उष्मांकांनी भागत नाही, अन्नात विविधताही लागते. १९३० च्या दशकात आजच्या घानामध्ये काम करणाऱ्या सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनी सुजवटीची मुलं बारकाईने पाहिली. पाठचं भावंड आलं, अंगावरचं दूध तुटलं आणि मक्याच्या लापशीवर मूल राहिलं, की काही महिन्यांत हातपाय सुजतात, कातडी सोलली जाते, असं त्यांनी १९३३ मध्ये नोंदवलं. पुढे प्रथिनांची कमतरता हे त्याचं एकमेव कारण धरलं गेलं. मलावीच्या जुळ्यांनी त्यात भर घातली. सुजवटी झालेल्या मुलांच्या आतड्यातल्या सूक्ष्मजीवांची जडणघडण त्यांच्या निरोगी जुळ्या भावंडापेक्षा वेगळी निघाली. ते सूक्ष्मजीव उंदरांच्या आतड्यांत सोडून त्यांना मलावीतला आहार दिला तेव्हा त्या उंदरांचं वजन घसरलं. अन्न आणि आतडं दोन्ही बिघडलं की मूल पडतं.

भारतात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी वयाला साजेसा किमान आहार मिळणारी मुलं ११ टक्क्यांच्या आसपास आहेत. ही फक्त गरिबांची गोष्ट नाही, खात्यापित्या घरांतही हे प्रमाण फार उंच जात नाही. गरीब घरातल्या मुलाजवळ मात्र ही चूक पचवायला शिल्लक काही नसते.

जुलाबांचं चक्र

आजारी मूल कमी खातं. खाल्लेलं अंगी लागत नाही. तापात ऊर्जा जास्त जळते. वजन घटतं, प्रतिकारशक्ती उतरते आणि पुढचा आजार लवकर येतो, जास्त दिवस टिकतो. ग्वाटेमालातल्या सांता मारिया काउके या खेड्यात लिओनार्दो माता या संशोधकाने अनेक वर्षं मुलांच्या वाढीचे आलेख आणि आजारांच्या नोंदी एकाच कागदावर मांडल्या. सहाव्या महिन्यापर्यंत छान चढणारी रेघ मग जुलाब, ताप, खोकला, गोवर यांच्या एकेका खुणेखाली अडखळताना दिसते. एका आजाराची भरपाई व्हायच्या आत दुसरा येऊन उभा राहतो. निरोगी मुलाला हीच झीज दोन-तीन आठवड्यांत भरून काढता येते, पण त्यासाठी आजारानंतर एक-दोन वेळा जादा जेवण लागतं, आणि नेमकं तेव्हाच आई कामावर परतलेली असते.

काही मुलांना उघड जुलाब नसतानाही आतड्याचं आतलं अस्तर सतत घाणीच्या संपर्कामुळे सुजलेलं, झिजलेलं असतं. अन्न शोषणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे चपटे होतात. मग घरोघरी शौचालय आणि हात धुणं यांनी प्रश्न सुटेल का? बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे इथल्या मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१८-१९ च्या सुमारास आले. साधी शौचालयं, हात धुण्याची सोय आणि पाण्यातलं क्लोरीन यांनी मुलांची उंची वाढली नाही. पूरक अन्न आणि भरवण्याबद्दलचा सल्ला यांनी थोडी वाढली. याचा अर्थ स्वच्छता निरुपयोगी, असा मुळीच नाही. एका घरात शौचालय बांधून अंगणातली माती, कोंबड्या, शेजारची गटारं आणि सामायिक पाणवठा स्वच्छ होत नाही. रांगणाऱ्या बाळासाठी अख्खी वस्तीच स्वच्छ व्हावी लागते.

आईचे चोवीस तास

'मातांचं अज्ञान' हे कारण आपल्या सभा-भाषणांतून फार सहज सांगितलं जातं. ऊसतोडीच्या फडावरचा दिवस पाहिला की ते टिकत नाही. तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पहाटेच्या अंधारात स्वयंपाक उरकून बाई फडात जाते, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहते, परत आल्यावर पाणी, सरपण, चूल. तान्हं बाळ फडाच्या कडेला झोळीत, नाहीतर खोपीत सहा-सात वर्षांच्या बहिणीपाशी. बाळाला दिवसातून चार-पाच वेळा भरवा, असं या बाईला कितीही वेळा समजावलं तरी ती वेळ कुठून आणणार? एक खाडा केला तर मजुरी जाते, उचल फिटत नाही.

दुष्काळात तेरावा महिना म्हणजे स्थलांतर. सातपुड्यातली, मेळघाटातली आणि मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर गाव सोडतात, ती उन्हाळ्यात परततात. पोषण आहाराची पाकिटं गावच्या अंगणवाडीत, लसीकरणाची नोंद गावच्या वहीत आणि मूल शंभर-दोनशे किलोमीटर दूर. परत आल्यावर सुरू होतो पावसाळा. घरातलं धान्य सरत आलेलं, पेरणी-निंदणीचं काम ऐन भरात, ओढ्याचं पाणी गढूळ, मलेरियाचे डास, आणि नदीनाल्यांनी तुटलेले रस्ते. धारणी-चिखलदऱ्यातल्या बालमृत्यूंच्या बातम्या पावसाळ्यात येतात, त्याचं कारण हे आहे. नायजरमध्ये पीक हाती येण्याआधीचे जून ते सप्टेंबर आणि मलावीत जानेवारी ते मार्च, हे तिथले असेच उपासाचे महिने.

आपल्या योजनेतही एक भोक आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम ताजं जेवण मिळतं. ज्यांना धोका सर्वांत जास्त, त्या सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना मिळतं घरी न्यायचं पाकीट. घरात चार भावंडं असली की ते चौघांत वाटलं जातं. यात आईचा दोष नाही. कुठली आई एका लेकराला खाऊ घालून तिघांना बघत बसवेल?

धोके आधी मोजायचे

दोन दंडघेर सारखेच पिवळे असले तरी दोन मुलांचा धोका सारखा नसतो. पावणेबारा सेंटिमीटरच्या दोन बाळांची कल्पना करा. एक अडीच वर्षांचं, एकुलतं, आजी घरात, कधी फारसं आजारी नसलेलं. दुसरं दहा महिन्यांचं, जन्मवेळी दोन किलोचं, महिन्यात दोनदा जुलाब झालेलं, आई पुन्हा गरोदर आणि कुटुंब पुढच्या आठवड्यात कामासाठी निघणार. रजिस्टरमध्ये दोघं एकाच रकान्यात बसतात. पहिलं बहुधा घरच्या अन्नावर सावरेल. दुसरं महिन्याभरात लाल पट्टीत जाण्याची शक्यता दाट आहे.

हाच विचार आता जागतिक सूचनांतही आला आहे. मध्यम कुपोषित मुलांपैकी कोणाला खास पौष्टिक अन्न आधी द्यायचं, हे ठरवताना २०२३ च्या सूचना मुलाचा दंडघेर बारा सेंटिमीटरच्या खाली आहे का, वय दोन वर्षांच्या आत आहे का, वयाच्या मानाने वजन फारच कमी आहे का, आधी एकदा बरं होऊन पुन्हा घसरलंय का, क्षयरोग, एचआयव्ही किंवा अपंगत्व आहे का, आई हयात आहे का आणि तिची तब्येत कशी आहे, हे पाहायला सांगतात. अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईला यातलं बरंचसं तोंडपाठ असतं. कोणाच्या घरी काय चाललंय हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. त्यांच्या या माहितीला रजिस्टरमध्ये रकाना नाही आणि त्यावर कृती करायचा अधिकार त्यांच्या हाती नाही.

तीव्र कुपोषणावर उपचार आहेत आणि ते चांगले आहेत. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये तयार झालेल्या शेंगदाणा, दूधभुकटी, तेल, साखर यांच्या पेस्टमुळे आजारपणाची गुंतागुंत नसलेल्या मुलांवर घरीच उपचार शक्य झाले. आपल्याकडे ग्राम बाल विकास केंद्रं आणि पोषण पुनर्वसन केंद्रं आहेत. पण तिथून बरं होऊन परतलेलं मूल त्याच पाण्यात, त्याच खोपीत, त्याच पेजेवर येतं. धोके कायम राहिले तर ते पुन्हा घसरतं.

धोके कमी करता येतात, याचे दाखले आहेत. बांगलादेशात वाढ खुंटलेल्या मुलांचं प्रमाण १९९०च्या दशकात ६० टक्के होतं, ते २०२२ मध्ये २४ टक्क्यांवर आलं. त्यामागे कुठलं एक जादूचं पाकीट नव्हतं. मुलींचं शिक्षण, घरची वाढलेली मिळकत, कमी बाळंतपणं, शौचालयं, आरोग्यसेवा हे सगळं दोन-तीन दशकं एकत्र सरकत राहिलं. छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगने आदिवासी गावांत 'फुलवारी' ही पाळणाघरं सुरू केली. गावातल्याच बाया सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना दिवसभर सांभाळतात आणि अनेकदा भरवतात, आई निर्धास्तपणे कामावर जाते. पुढे राज्य सरकारनेही ही कल्पना उचलली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना आणून एक वेळचं चौरस जेवण अंगणवाडीत द्यायला सुरुवात केली. आईच्या ताटापासून सुरुवात करणं, ही त्यातली दिशा बरोबर आहे.

पुढचं पाऊल स्पष्ट आहे. प्रत्येक ऊस कारखान्याच्या फडावर आणि वीटभट्टीवर दिवसभर चालणारं पाळणाघर. गाव सोडणाऱ्या मुलाबरोबर त्याचा आहार आणि लसीकरणाचा हक्कही पोहोचेल अशी नोंद. कमी वजनाच्या प्रत्येक बाळाकडे पहिल्या तीन महिन्यांत घरी जाऊन पाहणं. पावसाळ्याआधी मे महिन्यातच जोखमीच्या घरांची यादी आणि त्या घरांत धान्य, तेल, डाळ. अठराच्या आत लग्न होणार नाही यासाठी गावाचा धाक. यातली एकही गोष्ट विज्ञानाच्या आवाक्याबाहेरची नाही आणि महाराष्ट्रासारख्या राज्याच्या तिजोरीला न पेलणारी तर नाहीच. पट्टी लाल झाल्यावर धावपळ करण्याची आपल्याला सवय लागली आहे. ती मोडून, पट्टी हिरवी असतानाच त्या घराचं दार ठोठावणारी व्यवस्था आपण सरकारकडून हक्काने मागितली पाहिजे.